अवरक्त किरण-अडसर

आवाराच्या सीमेवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अवरक्त प्रारणाची अदृश्य शलाका सोडून ती खंडित होताच इशारा देणारी विद्युत् योजना. कारखाने, गोदामे, वीज उपकेंद्रे, विमानतळ, कारागृहे, फळबागा इ. ठिकाणी रात्रीच्या पहाऱ्याला साहाय्यक म्हणून ती वापरतात. दाराचा अडसर माणसाला अडवितो, तसा हा अडसर कोणालाही अडवीत नाही. कोणीतरी सीमा ओलांडली एवढेच तो कळवितो. खरेदीच्या वेळी ही मर्यादा बहुधा विसरली जाते आणि पुढील निराशेचा मोठा भाग तेथूनच उद्भवतो.

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला असता तो अधिक तापमान दाखवितो, असे विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये आढळले. या प्रारणाला पुढे अवरक्त हे नाव मिळाले [⟶ अवरक्त प्रारण]. प्रकाश पडला असता सिलिनियमाची विद्युत् संवाहकता वाढते, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये दाखविले. या दोन शोधांच्या आधारे तापतंतूचा दिवा, त्यावर गडद तांबडी काच व समोर प्रकाशविद्युत् घट अशा योजना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरात आल्या. दिव्याचे तंतू जळत, वीज फार लागे आणि सूर्यप्रकाशामुळे घट फसे, म्हणून त्या मुख्यतः इमारतींच्या आतच राहिल्या. १९६० नंतरच्या दशकात गॅलियम आर्सेनाइडापासून बनविलेला अवरक्त प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ उपलब्ध झाला व अडसर उघड्यावर आला. भारतात सीमा सुरक्षा दलाने पंजाबमधील आंतरराष्ट्रीय सीमेवर नदीनाल्यांमुळे तारेचे कुंपण घालता येत नाही अशा काही जागी २०१६ मध्ये ‘लेसर भिंती’ कार्यान्वित केल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मू विभागात प्रत्येकी सुमारे साडेपाच किमी. लांबीच्या दोन प्रायोगिक पट्ट्यांत विविध संवेदकांची एकत्रित योजना सुरू झाली. कारखान्याच्या आवारातील अडसर याच कुळातील होत. मात्र ते आकाराने व किमतीने पुष्कळच लहान असतात.

तत्त्व व रचना : अडसराच्या एका संचात प्रेषक व ग्राही असे दोन भाग असतात. प्रेषकातील द्विप्रस्थ ८५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रारण सोडतो व भिंग त्याची अरुंद शलाका बनविते. ग्राहीतील भिंग ती सिलिकॉनाच्या प्रकाशसंवेदी द्विप्रस्थावर केंद्रित करते. प्रारण अखंड न सोडता ठराविक वारंवारतेच्या स्पंदांच्या रूपात सोडतात व ग्राही फक्त त्याच वारंवारतेला प्रतिसाद देतो. त्यामुळे सूर्यप्रकाश, रस्त्यावरील दिवे, वाहनांचे झोत यांपासून आपली शलाका त्याला वेगळी ओळखता येते. स्पंद ठराविक काळाहून अधिक वेळ आले नाहीत, तर अभिचालित्र म्हणजे रिले सुटतो आणि भोंगा वाजतो.

एकच शलाका असलेला संच उघड्यावर निरुपयोगी समजावा. एखादा पक्षी किंवा वाऱ्याने उडालेला कागदही तिला खंडित करतो. म्हणून एकाच पेटीत एकाखाली एक दोन किंवा चार शलाका ठेवतात व त्या सर्व एकाच वेळी खंडित झाल्या तरच इशारा मिळेल अशी जोडणी करतात. एक ते तीन मी. उंचीच्या स्तंभात अनेक शलाका बसविलेले प्रकारही मिळतात. त्यांत कोणत्याही लगतच्या दोन शलाका तुटल्यास इशारा मिळतो.

निवडीचे प्रश्न : संचाच्या पेटीवर ‘उघड्यावर १०० मी.’ असा आकडा छापलेला असतो आणि भिंतीची लांबी १०० मी. असली की ग्राहक तो संच घेतो. हा आकडा कोणत्या हवेत खरा आहे, हा निवडीतील मुख्य प्रश्न होय. त्याच्या विवेचनासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे तालुके येथे उदाहरण म्हणून घेतले आहेत, कारण अडसराला प्रतिकूल असलेले बहुतेक सर्व घटक तेथे एकत्र आढळतात. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते. वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात अनेकदा ढगांत बुडालेला असतो, तर खाली नदीखोऱ्यात हिवाळ्यातील पहाटे धुके साचते. महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात रासायनिक कारखान्यांचे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा कारखान्याच्या आवारात रात्री अनोळखी माणूस शिरणे म्हणजे केवळ भंगाराची चोरी नव्हे. अंधारात एखादी झडप हलविली गेली किंवा विद्रावकाच्या पिंपाजवळ काडी ओढली गेली, तर आतील कामगार व बाहेरची वस्ती या दोहोंना धोका पोहोचतो.

धुक्याचा परिणाम : पाऊस अडसराला आंधळा करतो व अवरक्त किरण धुक्यातून सहज पार जातात, हे दोन्ही समज प्रचलित आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. पावसाचे थेंब मोठे पण विरळ असतात. ताशी १०० मिमी. दराने, म्हणजे कोकणातही जोरदार म्हणावा असा पाऊस पडत असताना १०० मी. अंतरावर शलाकेचा अंदाजे ४० टक्के भाग नाहीसा होतो. कोणताही बरा संच एवढी हानी सहन करतो. धुक्याचे थेंब याउलट अतिसूक्ष्म, सामान्यतः ५ ते ४० मायक्रॉन व्यासाचे, परंतु संख्येने अगणित असतात. अडसराच्या प्रारणाची तरंगलांबी सुमारे ०·९ मायक्रॉन, म्हणजे थेंबांच्या मानाने पुष्कळ लहान असल्यामुळे हे थेंब दृश्य प्रकाशाला जितके विखुरतात जवळजवळ तितकेच या प्रारणालाही विखुरतात. धुक्यात माणसाच्या डोळ्याची जी अवस्था होते, तीच अडसराचीही होते.

यावरून एक उपयुक्त गणित मांडता येते. दिवसा आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी वस्तू जेमतेम ओळखू येते त्या अंतरास दृश्यता म्हणतात. दृश्यतेएवढे अंतर कापताना प्रकाशाचा सुमारे २ टक्के भाग शिल्लक राहतो. पुढील तेवढेच अंतर कापल्यावर त्या २ टक्क्यांचे २ टक्के, म्हणजे ०·०४ टक्के उरतो. चांगले उत्पादक आपला संच छापील अंतराच्या दहापट अंतरापर्यंत स्वच्छ हवेत शलाका पोहोचविण्याइतका बलवान ठेवतात. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने छापील अंतरावर शंभरपट राखीव शक्ती असते, म्हणजेच शलाकेचा ९९ टक्के भाग गेला तरी संच चालतो. आता १०० मी.चा असा संच १०० मी. अंतरावरच लावला, तर दृश्यता सुमारे ८५ मी.च्या खाली जाताच तो निकामी होतो. तोच संच ५० मी. अंतरावर लावला, तर राखीव शक्ती चारशेपट होते, शिवाय धुक्यातील मार्गही निम्मा होतो; परिणामी दृश्यता सुमारे ३३ मी. होईपर्यंत तो चालू राहतो. ३० मी. अंतरावर ही मर्यादा १७ मी.पर्यंत उतरते. दोन्ही भिंगांवर धूळ व पाण्याचे थेंब बसून प्रत्येकातून निम्माच प्रकाश जात असेल, तर ५० मी.च्या उदाहरणातील ३३ मी.चे ४२ ते ४३ मी. होतात. भिंगे पुसण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

तेव्हा महाडच्या सपाटीवर छापील अंतराच्या निम्म्याने व पोलादपूरच्या वरच्या अंगाला एकतृतीयांशाने अंतर धरावे, असे सामान्यपणे म्हणता येईल. त्यामुळे संचांची संख्या व खर्च दुपटी-तिपटीने वाढतो, ही गोष्ट खरी. परंतु पावसाळाभर खोटे इशारे देणारा अडसर पहारेकरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच बंद करून ठेवतो, आणि एकदा बंद केलेला अडसर आश्विनात आकाश निवळल्यावर पुन्हा सुरू करण्याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. अशा संचाची किंमत कमी असली, तरी त्याच्यावरील सर्वच खर्च वाया गेलेला असतो. काही संचांत शलाका हळूहळू क्षीण होत गेल्यास ती धुक्याची खूण मानून चोरीचा इशारा न देता वेगळी सूचना देणारे मंडल असते. ते उपयुक्त आहे. मात्र ती सूचना मिळाल्यावर माणसाने फेरी घालायची असते, हे कामाच्या आदेशात लिहून ठेवले पाहिजे. ढग जेथे तासन्‌तास जमिनीला टेकलेले असतात, अशा घाटमाथ्याजवळच्या जागी अवरक्त अडसराचा आग्रह न धरता सूक्ष्मतरंगांचा अडसर घ्यावा. त्याच्यावर धुक्याचा परिणाम होत नाही. पण त्याचा पट्टा रुंद असतो आणि डोलणारे गवत, वाहते पाणी व जवळून जाणारे वाहन यांमुळे तो फसतो.

खंडनकाल : शलाका किती वेळ तुटली म्हणजे इशारा द्यावा, हे ग्राहीवरील खटक्याने ठरविता येते. सुमारे ३० सेंमी. जाडीचा माणसाचा देह चालताना सेकंदाला १·२ मी. वेगाने गेला, तर शलाका २५० मिलिसेकंद तुटते. सेकंदाला ६ मी. वेगाने धावत गेला, तर केवळ ५० मिलिसेकंद. कबुतराएवढा पक्षी सुमारे २० मिलिसेकंदांत पार होतो. मोकळ्या जागेत, जेथे धावत येणे शक्य आहे तेथे, हा काल ५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा लागतो. भिंतीच्या माथ्यावर मात्र कोणी धावत जात नाही. तेथे चढणाऱ्याला क्षणभर थांबावेच लागते, म्हणून २०० मिलिसेकंद किंवा अधिक काल चालतो आणि खोटे इशारे पुष्कळच घटतात. महाडच्या आसपासच्या डोंगरउतारांवर साग आहे. त्याचे वाळलेले पान हातभर लांब असते व ते सावकाश गिरक्या घेत खाली येते. एकमेकींपासून वीतभर अंतरावरील दोन शलाका ते एकाच वेळी झाकू शकते. अशा झाडाखाली चार शलाकांचा संच घ्यावा किंवा अडसराची रेषाच बदलावी.

उंची व जागा : जमिनीवरील अडसराची सर्वांत खालची शलाका ३० सेंमी.पेक्षा उंच नसावी. नाहीतर माणूस सरपटत खालून जातो. परंतु याच उंचीत पावसाळी रान माजते. जुलैत टाकळा गुडघ्याला लागतो आणि गवत कमरेपर्यंत येते. खालची शलाका झाकली गेली की ग्राही कायमचा इशारा देत राहतो आणि कंटाळून कोणीतरी ती शलाका जोडणीतून काढून टाकतो. रेषेच्या दोन्ही बाजूंस निदान एक मी. रुंदीचा पट्टा फरशी, खडी किंवा काँक्रीट घालून मोकळा ठेवणे हाच यावर उपाय आहे. तणनाशकाने काम भागत नाही. जनावरांचाही विचार करावा लागतो. गुरे व वानरे सर्वत्र आहेत; सावित्रीच्या काठच्या आवारांत तर मगरही संभवते, कारण महाडनजीकच्या पात्रात मगरींची वस्ती असून पुराच्या वेळी त्या काठावर येतात. मगर फक्त सर्वांत खालची शलाका तोडते, माणूस सरपटला तरी बहुधा दोन तोडतो. म्हणून लगतच्या दोन शलाकांची अट येथे विशेष उपयोगी पडते.

शलाका सरळ रेषेत जाते, जमीन मात्र तशी नसते. पोलादपूरच्या चढउताराच्या भूमीवर दोन खांबांमधील घळ शलाकेच्या खाली मोकळी राहते. तसेच जांभ्या चिऱ्याचा गडगा किंवा काट्यांची वई वळणावळणाने जाते, तेव्हा प्रत्येक वळणावर नवा संच लागतो. ओढा भिंतीखालून जातो ती मोरी तर हमखास विसरली जाते. रायगडच्या हिरकणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. सायंकाळी दरवाजे बंद झाल्यावर ती गवळण ज्या कड्याने उतरून गेली असे सांगतात, तेथे कोणी उतरू शकेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, म्हणून तेथे पहारा नव्हता. नंतर तेथे बुरूज बांधला गेला. कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न वेगळा. आवाराची पाहणी करताना मात्र तटाचा जो भाग दुर्गम म्हणून सोडून द्यावासा वाटतो, तेथूनच आरंभ करावा.

अडसर भौतिक अडथळ्याच्या कोणत्या बाजूस असावा, याबद्दल मतभेद आढळतात. दोन मी. उंचीची भिंत चपळ माणूस काही सेकंदांत ओलांडतो. अडसर भिंतीच्या आतील बाजूस असेल, तर इशारा मिळण्यापूर्वीच अडथळा संपलेला असतो आणि पहारेकऱ्याच्या हाती वेळ उरत नाही. बाहेर लावला, तर रस्त्याने जाणारी माणसे व गुरे त्याला सतत छेडतात. भिंतीच्या माथ्यावरील अडसर हा त्यांतील मधला मार्ग होय. ज्वालाग्राही द्रवांच्या टाक्यांभोवती आत आणखी एक जाळीचे कुंपण असेल, तर अडसर त्या कुंपणाच्या बाहेर व मुख्य भिंतीच्या आत ठेवणे प्रस्तुत लेखकास सर्वांत श्रेयस्कर वाटते. त्यामुळे इशाऱ्यानंतर निदान एक अडथळा शिल्लक राहतो.

एका रेषेत अनेक संच असतील, तर पहिल्याचा प्रेषक दुसऱ्याच्या ग्राहीवर प्रकाश टाकतो आणि मधला माणूस दिसेनासा होतो. यासाठी सामाईक खांबावर दोन्ही प्रेषक किंवा दोन्ही ग्राही पाठीला पाठ लावून बसवितात आणि लगतच्या संचांना वेगवेगळ्या स्पंद-वारंवारता देतात. पूर्व-पश्चिम भिंतीवरील ग्राहीच्या तोंडावर उगवता वा मावळता सूर्य येणार नाही, हे पाहावे. दोन्ही टाळता न आल्यास आवारात माणसांचा वावर ज्या वेळी असतो त्या वेळचा सूर्य पत्करावा. खांब पक्का असला पाहिजे. प्रेषक केवळ अर्ध्या अंशाने कलला, तर १०० मी. अंतरावर शलाकेचा मध्य सुमारे ८७ सेंमी. सरकतो. भरावाच्या जमिनीत पुरलेला पोकळ नळ पावसाळ्यात एवढा सहज कलतो.

वीजपुरवठा व पेटी : वादळी पावसात वीज जाते, म्हणून १२ व्होल्टचा विद्युत् घट आवश्यक असतो. तारेच्या जाडीकडे मात्र दुर्लक्ष होते. ०·५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेने २०० मी. दूर वीज नेल्यास जाऊन-येऊन सुमारे १४ ओहम रोध होतो. ८० मिलिअँपिअर प्रवाह घेणाऱ्या एका संचापाशी १·१ व्होल्ट कमी पडतात व ते चालते. त्याच तारेवर दूर टोकाला चार संच जोडले, तर तेथे साडेसात व्होल्टच पोहोचतात आणि बहुतेक संच त्यावर चालत नाहीत. पेटीस ‘आयपी ६५’ हा दर्जा असावा. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही व कोणत्याही दिशेने आलेला पाण्याचा झोत अपाय करीत नाही, एवढाच आहे. पाण्यात बुडालेली पेटी टिकेल, असा तो होत नाही. जुलै २००५ मध्ये आणि २२ व २३ जुलै २०२१ रोजी महाड पुराच्या पाण्याखाली गेले. नियंत्रण संच व घट पहिल्या मजल्यावर ठेवावेत, हे त्यावरून उघड आहे. आम्लाच्या वाफा असतील तेथे पितळी अग्रांवर हिरवट थर चढतो, त्यासाठी तारांचे प्रवेशमार्ग नीट बुजवावे लागतात. पूर्वमोसमी आणि परतीच्या पावसातील विजांपासून रक्षणासाठी लांब तारांच्या दोन्ही टोकांस अतिव्होल्टता-निरोधक व चांगले भूसंपर्कन आवश्यक असते. कातळावर ते साधणे कठीण असल्याने एकाऐवजी अनेक भूअग्रे जोडतात.

ज्वालाग्राही वाफा असलेल्या क्षेत्रातील नियम वेगळे आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक क्षेत्रातील एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट व आग होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा अशा उपकरणांशी संबंध नव्हता. परंतु रिलेच्या संपर्कातील बारीक ठिणगीदेखील विद्रावकाच्या वाफा पेटविण्यास पुरेशी असते. अशा वर्गीकृत क्षेत्रात नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता असलेली ज्वालारोधी साधनेच वापरावी लागतात. सामान्य अडसर त्या क्षेत्राच्या बाहेरच्या सीमेवर ठेवणे अधिक सोपे व स्वस्त पडते.

चाचणी : अडसर बसविल्यावर चालत, धावत, सरपटत व शिडी लावून अशा चारही प्रकारांनी तो ओलांडून पाहतात. हे दिवसा एकदा व रात्री एकदा करावे. ग्राहीवर शलाकेची तीव्रता व्होल्टमध्ये मोजण्याची सोय असते. मोसमी पावसापूर्वी, मेच्या अखेरीस, भिंगे पुसून तो आकडा प्रत्येक संचापुढे नोंदवहीत लिहावा. पावसाळ्यात दर आठवड्याला, शक्यतो एकाच वेळी तो पुन्हा वाचावा. स्वच्छ हवेत आकडा उतरत चालला, तर भिंगावरील मळ, कोळ्याचे जाळे, कललेला खांब व पेटीत साचलेले बाष्प ही कारणे याच क्रमाने तपासतात. शलाका कृत्रिमपणे क्षीण करणारे पत्रे काही संचांबरोबर मिळतात. ते भिंगापुढे धरून प्रत्यक्ष राखीव शक्ती मोजता येते, आणि पेटीवर छापलेला आकडा कितपत खरा आहे हे विक्रेता समोर असतानाच ठरविता येते.